सोळा वर्षांचं पाणी

आमच्या घरच्या पाण्याच्या मशीनमधून दोन नळ्या निघतात. एकीतून पिण्याचं पाणी येतं, दुसरीतून मशीननं बाजूला काढलेलं खारं पाणी. नागपूरजवळच्या वाडीच्या पुढं, अमरावती रोडला लागून आमची कॉलनी आहे. इथं सगळ्यांकडे बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की दोन महिन्यांत नळाच्या तोंडाला पांढरी मिशी फुटते. म्हणून घरोघरी आरओ. आरओचं पाणी स्वच्छ असतं, पण त्यातलं सगळंच निघून गेल्यामुळं त्याला चव राहत नाही. अशा फिक्या पाण्यात पुन्हा खनिजं घालायची आणि खाऱ्या पाण्याची नळी घरात नीट फिरवायची, असं एक यंत्र मी बनवलं आणि त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचं नाव ठेवलं, ‘घरगुती जल-खनिजीकरण व नळी-व्यवस्थापन प्रणाली’. अर्ज इंग्रजीत होता, पण हे मराठी नाव मी महिनाभर येता-जाता मनातल्या मनात म्हणत होतो.

निवृत्त होईपर्यंत मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. कानस कशी धरायची हे पोरांना सांगण्यात जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर कळलं की घरात कोणालाच कानस धरायची नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा. नागपुरात खर्रा न खाणारेही लोक आहेत म्हणतात, मी त्यांच्यातला नाही. असं रिकामं बसून बसून माझं नीट लक्ष पहिल्यांदा बायकोच्या स्वयंपाकघरातल्या खटाटोपाकडे गेलं.

तिचं माहेर कुहीकडचं. तिथल्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याची तिच्या तोंडून इतकी स्तुती ऐकली होती की मला त्या विहिरीचा रागच यायचा. ती विहीर खोल करताना खालून पांढरे दगड निघाले होते. आमच्याकडे आरओ बसला तेव्हा पहिला घोट घेऊन तिनं तो मोरीत थुंकला. ‘हे काय पाणी हाय? याच्यात तं जीवच नाही.’ मग पुढच्या खेपेला माहेरून तिनं ते दगड आणले, उकळले, मलमलच्या पुरचुंडीत बांधले आणि पिंपात असे ठेवले की मशीनचं पाणी त्यांच्यावरूनच पडेल. खाऱ्या पाण्याच्या नळीसाठी माझ्या जुन्या सायकलची रिम खिडकीच्या गजाला तारेनं बांधली आणि नळी तिच्यावर गुंडाळली. उन्हाळ्यात ओढली की नळी कूलरपर्यंत, एरवी मोरीपर्यंत. शेजारणींनी पाणी चाखलं, दगड मागितले, कोणी रिमही लावली. कुहीहून येताना तिच्या पिशवीत लोकांसाठी दगड असायचे आणि बसमधून ती पिशवी उतरवताना मी दर वेळी चिडायचो.

मी काय केलं? दगडांसाठी प्लास्टिकचं नळकांडं केलं. रिमच्या जागी स्प्रिंगवर फिरणारा रोलर बसवला. दोन्ही एका पेटीत घातलं आणि पेटी भिंतीवर टांगली. काम चोख झालं होतं, हे मी आजही छातीठोक सांगेन. तिनं पेटी चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, ‘दिसाले चांगली हाय. पण बरी चालून राहिली होती नं ते रिम.’ मी मनात म्हटलं, जुगाड वेगळा आणि यंत्र वेगळं. ह्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं रेटलं.

पेटंटचे अर्ज लिहिणारी एक तरुण एजंट आमच्या ओळखीतून मिळाली. ती वकील नव्हती, पण आम्ही तिला वकीलबाईच म्हणायचो. हिवाळ्यात ती घरी आली, यंत्राचे फोटो काढले, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, ‘काका, इन्व्हेंटर कोण कोण लिहू?’

बायको समोरच जमिनीवर बसून भाजीसाठी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती.

‘मी,’ मी म्हणालो.

‘एकटेच?’

‘एकटाच.’

बायकोच्या हातातली शेंग फुटल्याचा आवाज आला, दाणे ताटलीत पडले, पुढची शेंग तिनं घेतली. तिनं वर पाहिलं नाही, मीही खाली पाहिलं नाही. मी ‘खरा आणि पहिला शोधक’ असल्याच्या कागदावर सही केली. ती उठून चहा ठेवायला गेली. चहात साखर बरोबर होती, म्हणजे काही झालं नाही असं मी धरून चाललो.

अर्ज केला एवढ्यावरच मी गप्प राहिलो असतो तर निभलं असतं. पण मी पानठेल्यावर सांगितलं, आणि पानठेल्यावर सांगितलेलं पेपरात छापल्यासारखंच. कॉलनीच्या गणपतीत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी अर्ज केला आहे, पेटंट मिळालेलं नाही, हा फरक कोणालाच नको होता आणि मीही तो आवर्जून सांगितला नाही. माइक हातात आल्यावर मी म्हणालो, ‘एके दिवशी पाणी पिता पिता माझ्या डोक्यात कल्पना आली.’ बायकांच्या रांगांत जिच्या जिच्या घरी कुहीचे दगड होते त्या सगळ्या बसल्या होत्या. एकीनं माझ्या बायकोला कोपर मारलेलं मला माइकसमोरून दिसलं. बायको टाळ्या वाजवत होती.

मग पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल आला. तपासणाऱ्या साहेबांनी लिहिलं होतं की दगडातून पाणी नेण्याच्या युक्त्या आधीच लोकांनी नोंदवल्या आहेत, नळी गुंडाळायचे रोलरही आहेत. तुम्ही दोन माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी ठेवल्यात, दोन्ही आपापलं काम एकमेकींशी संबंध न ठेवता करतात, याला कायद्यात शोध म्हणत नाहीत. वाचून मला क्षणभर वाटलं, हा माणूस यंत्राबद्दल लिहितो आहे की आमच्या संसाराबद्दल. उत्तराला सहा महिने होते.

‘काका, हे दोन पार्ट एकत्र काहून ठेवले, ते सांगा,’ वकीलबाई फोनवर म्हणाली.

‘सोय आहे नं. एकाच पेटीत.’

‘सोय नाही चालत. एकाचा दुसऱ्यावर परिणाम काय होतो ते पाहिजे.’

मला ठाऊकच नव्हतं. ज्याच्यासाठी शाल घेतली त्या यंत्राचे दोन भाग एकत्र का आहेत, हे मला माहीत नव्हतं, कारण ते एकत्र मी आणलेच नव्हते. ते मला एकाच खिडकीपाशी सापडले होते. तीन महिने मी त्या पेटीसमोर स्टूल टाकून बसलो. रोलर फिरव, दगड काढ, दगड घाल. कॉलनीत कोणी ‘काय सर, आलं का पेटंट?’ असं विचारलं की मी घड्याळ बघून सटकायचो. संध्याकाळी मी लांबच्या पानठेल्यावर जाऊ लागलो. बायकोला विचारायला पाच पावलं लागली असती. पण विचारलं की ‘एकटाच’ हा शब्द खोटा पडणार होता, आणि तो मी सही करून दिला होता.

शेवटी तिनंच सांगितलं, तेही न विचारता. एका दुपारी मी विचार करत उभा होतो आणि ती ओट्यावरून ओरडली, ‘अहो, नळीवरून पाय काढा! पाणी बिघडून राहिलं.’

मी पाय काढला. ‘काय बिघडलं?’

‘नळी दबली का मागचं पाणी तुंबते. मंग खारेपणा इकडच्या पाण्यात येते. दगड घातले तरी चव नाही बसत. म्हणून तं ते गुंडाळून ठेवली होती मी. घडी नाही पडाले पाहिजे तिले.’

माझ्याकडे पाण्यातले क्षार मोजायचं छोटं मीटर होतं. मी नळीवर मुद्दाम पाय दिला, थोडा वेळ थांबलो आणि पिण्याच्या पाण्यात मीटर बुडवलं. आकडा चढला. पाय काढला, काही वेळानं उतरला. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. म्हणजे नळीची गुंडाळी आणि दगडांची चव एकमेकींवर अवलंबून होती. साहेबांना हवं होतं ते हेच. मी आनंदानं तिच्याकडे पाहिलं, ती तेवढ्यात कढईकडे वळली होती. त्या संध्याकाळी मी उत्तर लिहून दिलं, आणि त्यात पहिलंच वाक्य होतं, ‘अर्जदाराच्या असे निदर्शनास आले की…’

साहेबांचं समाधान पूर्ण झालं नाही. त्यांनी व्हिडिओवर सुनावणी ठेवली. मे महिना होता, सकाळी अकरालाच खिडकीतून फुफाटा आत येत होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर एका चौकटीत वकीलबाई, दुसऱ्या चौकटीत साहेब. साहेब मराठी समजणारे निघाले आणि स्वभावानंही बरे वाटले, तीच माझी पंचाईत झाली. त्यांनी आकडे पाहिले, मान डोलावली आणि सहज विचारलं, ‘हे तुमच्या लक्षात कसं आलं?’

‘चवीवरून,’ मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून हसण्याचा मोठा आवाज आला. तिला आवरलंच नाही. ‘यायले चव! खर्रा खाऊ खाऊ जिभेचं चामडं झालं, आन म्हणते चवीवरून!’

साहेबही हसले. ‘कोण आहेत? येऊ द्या ना त्यांना.’

ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या खांद्यामागून पडद्यात वाकून पाहू लागली. साहेबांनी नमस्कार केला, तिनंही केला. मग त्यांनी शेजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, ‘काकू, चवीतला फरक तुमच्या कधी लक्षात आला?’

‘झाले असतील सोळा वर्षं. मशीन आली तेव्हापासूनच तं करून राहिली मी. आमच्या लाइनीत सगळ्यायच्या घरी हाय.’

पडद्यावर वकीलबाईनं डोळे मिटून घेतले. तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अर्जाच्या आधी ही गोष्ट चारचौघांत वापरात होती असं कळलं की पेटंट संपलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पण तिचा आवाज एकदम खाली आला. ‘म्हणजे… यायनंच सांगतलं होतं मले. मी काय, सांगतलं तसं करते.’

सोळा वर्षांपूर्वी मी तिला काय सांगितलं होतं ते मला चांगलं आठवतं. सायकलची रिम खिडकीला बांधून घराचा कबाडखाना करू नको, असं सांगितलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं, मग म्हणाले, ‘शोध कोणाचा आणि वापर कधीपासून, हे पंधरा दिवसांत लेखी द्या.’

दुपारी वकीलबाईचा फोन आला. तिनं वाट काढली होती. बायकोचं नाव शोधक म्हणून जोडता येतं, त्याचा फॉर्म असतो, पण तो मंजुरीच्या आधी द्यावा लागतो. सोबत नाव आधी का राहिलं याचं निवेदन, आणि दोघांच्या सह्या. ‘नजरचुकीने राहिले असं लिहू,’ ती म्हणाली. ‘आणि सोळा वर्षं वगैरे काही नाही. काकूंनी अर्जाच्या आदल्या वर्षी घरच्या घरी ट्रायल घेतली, एवढंच. तेवढ्यावर निभेल.’ मला हायसं वाटलं. नाव पण लागेल, पेटंट पण राहील, शालही परत करावी लागणार नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

कागद छापून आणले आणि तिला वाचून दाखवले. तिनं चष्मा लावून ते पुन्हा स्वतः पाहिले.

‘नजरचुकीनं म्हणजे?’

‘म्हणजे लक्षात नाही राहिलं.’

‘मी समोर बसली होती. शेंगा सोलून राहिली होती.’

‘अगं, लिहायची पद्धत असते ती.’

‘आन हे अर्जाच्या आदल्या वर्षी?’

‘तसं लिहावंच लागतं. सोळा लिहिलं की सगळं गेलं.’

तिनं कागद टीपॉयवर ठेवले. पेन त्याच्यावर आडवं ठेवलं. ‘मी नाही करत सही.’

अकरा दिवस हे चाललं. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो, भांडणात मी कधी हरत नाही. ती भांडलीच नाही. वेळेवर जेवण, वेळेवर चहा, फक्त कागदांचा विषय काढला की तिथून उठून जायची. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. बाहेर ऊन आग ओकत होतं, दारं-खिडक्या बंद, पडदे ओले केलेले, आणि त्या अंधाऱ्या हॉलमध्ये मी, ते कागद आणि भिंतीवरची माझी पेटी. कुठं जायची सोय नव्हती. खरं लिहावं तर पेटंट जातं आणि गावभर तोंड दाखवता येत नाही. खोटं लिहावं तर सही मिळत नाही. नाव न जोडता तसंच दामटावं तर साहेबांनी तिला विचारलेलं आहे आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं आहे. मी स्वतःच एक एक स्क्रू घट्ट करत गेलो होतो आणि आता आतून पाना लागत नव्हता.

बाराव्या दिवशी मी भडकलो. ‘इतकं काय पडलंय नावाचं तुला? लावून राहिलो ना मी नाव!’

‘नावाचं काय करू मी?’ ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘लावा, नका लावू. पण सोळा वर्षं मी रोज ते दगड धुतले, रोज नळी सोडली, रोज पाणी चाखून पाहिलं. तुम्ही म्हणता, ते झालंच नाही असं लिहाचं, आन त्याच्यावर सही माहीच पाहिजे. मंग मी केलं काय इतके वर्षं? सांगा नं.’

मला तिची लाज वाटायची, त्या पिशवीची, त्या रिमची, हे त्या क्षणी मला कळलं. आणि आता मला माझी लाज वाटली, ती कुठं ठेवावी कळेना.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईला फोन करून सांगितलं की निवेदन मी स्वतः लिहितो. मराठीत लिहिलं, तिनं इंग्रजी केलं. त्यात असं होतं की शोधक कोण हे मला अर्जाच्या दिवशी माहीत होतं. ती समोर बसलेली होती. मी तिचं नाव सांगितलं नाही. ही व्यवस्था तिनं शोधली, सोळा वर्षं चालवली आणि शेजाऱ्यांनाही करून दिली. पेटी आणि रोलर तेवढा मी केला.

‘काका, हे पाठवलं की संपलं,’ वकीलबाई म्हणाली. ‘पुन्हा एकदा विचार करा.’

‘पाठव,’ मी म्हणालो. असं म्हणताना मी फार शूर वगैरे नव्हतो. फोन ठेवल्यावर मला वाटलं, अरे, काय करून बसलो.

निवेदन बायकोनं वाचलं आणि फॉर्मवर सही केली.

पावसाळा लागल्यावर आदेश आला. अर्ज नामंजूर. मी तो मोबाइलवर पाहिला आणि खुर्चीतच बसून राहिलो. कॉलनीला काय सांगायचं, हा पहिला विचार आला, खोटं कशाला बोलू. मग छापून आणला आणि जेवणं झाल्यावर तिच्यासमोर बसून तिला समजेल असा मराठी करून वाचला. कलमांचे आकडे गाळले. शेवटच्या पानावर होतं, ‘अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार ही व्यवस्था त्यांच्या पत्नीने शोधलेली असून, सोळा वर्षांपासून, म्हणजे अर्जाच्या तारखेच्या बऱ्याच आधीपासून, त्या ती वापरत होत्या, आणि परिसरातील इतर घरांतही ती वापरात होती. त्यामुळे ती नवीन मानता येत नाही.’ पत्नी या शब्दापुढं तिचं नाव होतं, पूर्ण, वडिलांचं आडनाव आणि माझं आडनाव यांच्यासकट.

‘पुन्हा वाचा,’ ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मग तिनं कागद माझ्या हातातून घेतला. ती दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं जुळवत वाचते. तिनं ओळीखाली बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. नावापाशी थांबली. मग पुढं सोळाच्या आकड्यापर्यंत गेली आणि तिथंही थांबली.

‘नाही देलं त्यायनं,’ मी म्हणालो. बोलता बोलता माझ्याही तोंडी तिचीच बोली आली. ‘गेलं सगळं.’

तिचं बोट अजून कागदावरच होतं.

‘पण बरोबर लिहिलं,’ ती म्हणाली.